‘मालमत्ता म्हणजे चोरी’ हे अभ्यासवर्गात कसं मांडायचं?

गंगाघाट_वाचक

नाशकात एक छोटा अभ्यासवर्ग ठरतोय. चार रविवार, दर वेळी दीड तास, पंधराएक जण. विषय: खासगी मालकीवर अराज्यवादी (राज्यसंस्थाच नको म्हणणारे) आणि समाजवादी विचारवंतांनी घेतलेले आक्षेप. येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, सातपूर-अंबडचे कामगार आहेत, दिंडोरी-निफाडकडचे दोन-तीन द्राक्षबागायतदार आहेत.

मांडणी करताना चार ठिकाणी अडायला होतंय.

एक, ‘मग माझी गाडीपण काढून घेणार का?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणारच.
दोन, ‘मालमत्ता म्हणजे चोरी’ म्हणणारा फ्रेंच अराज्यवादी प्रूदाँ आणि मार्क्स दोघेही मालकीच्या विरोधात, मग भांडण नेमकं कशावरून?
तीन, तीन एकरवाला शेतकरी या हिशोबात कुठे बसतो?
चार, सगळं सरकारच्या मालकीचं केलं की प्रश्न मिटतो का?

पुस्तकी व्याख्या नकोत, वर्गात हातात धरून दाखवता येईल असं काही सुचवा.

वहिवाटदार

पहिल्या रविवारी सातबारा उघडा, पुस्तक नंतर.

घोळ शब्दापासून सुरू होतो. इंग्रजीतल्या ‘प्रॉपर्टी’ला आपण सरसकट मालमत्ता म्हणतो. त्यात घरातली भांडीही आली, राहतं घरही आलं आणि कारखानाही आला. म्हणून फळ्यावर आधी दोन रकाने पाडा: भोगवटा आणि मालकी. प्रूदाँच्या १८४० च्या पुस्तकाचा सगळा डोलारा याच फरकावर उभा आहे. भोगवटा म्हणजे मी राहतो, मी कसतो, मी वापरतो. मालकी म्हणजे तिथे न राहता, न कसता, दुसऱ्याच्या कष्टातून उत्पन्न घेण्याचा हक्क. त्याने ‘चोरी’ म्हटलं ते या दुसऱ्याला. मराठीत या उत्पन्नाला चार वेगवेगळी नावं आहेत, त्यामुळे ते एकच आहे हे पटकन दिसत नाही: शेतावर खंड, घरावर भाडं, पैशावर व्याज, कारखान्यावर नफा. प्रूदाँच्या लेखी ही चारही एकाच हक्काची रूपं.

गाडीचा प्रश्न इथेच सुटतो. स्वतःची रिक्षा स्वतः चालवणारा एका रकान्यात, दहा रिक्षा रोजच्या भाड्याने देऊन घरी बसणारा दुसऱ्या. वस्तू तीच, चाकं तीन, संबंध वेगळा. समाजवाद्यांचाही रोख दुसऱ्या रकान्यावरच आहे. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात हे स्पष्ट आहे की सगळ्या प्रकारची मालमत्ता नष्ट करायची नाहीये, भांडवली मालकी करायची आहे.

आता सातबारा. डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो. कोणाचाही घ्या, नाव झाका, झेरॉक्स वाटा आणि एकेक रकाना मोठ्याने वाचायला लावा. ‘भोगवटादाराचे नाव’ असं छापलेलं असतं, ‘मालकाचे’ नाही. भूधारणा पद्धतीसमोर भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळा) किंवा वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारा). पुढे ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. नंतर फळ्यावर तक्ता करा. आडव्या ओळीत हक्क: राहणं-कसणं, पीक घेणं, भाड्याने देणं, गहाण टाकणं, विकणं, वारसाला देणं. उभ्या ओळीत: वर्ग १ ची जमीन, वर्ग २ ची जमीन, वनपट्टा (वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन), सोसायटीतला फ्लॅट, भाड्याची खोली, एमआयडीसीचा प्लॉट. खुणा करायला लागलात की कळतं, मालकी ही एकसंध वस्तूच नाही, ती हक्कांची मोळी आहे. टीकाकार त्यातल्या नेमक्या कोणत्या काटक्या काढायला सांगतात, हा खरा अभ्यास.

एक सावधगिरी. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ आणि प्रूदाँचा भोगवटादार एक नव्हेत. वर्ग १ वाल्याकडे जवळजवळ अख्खी मोळी असते, तो पुण्यात बसून शेत विकू शकतो. ‘म्हणजे आपल्याकडे आधीच आहे की हे’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

कुळकायद्याला पूर्ण अर्धा तास ठेवा, कारण प्रूदाँचा सगळ्यात धारदार युक्तिवाद तिथे जिवंत दिसतो. ‘जमिनीत श्रम मिसळले म्हणून ती माझी’ असं इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचं समर्थन होतं. प्रूदाँ विचारतो, श्रमाने मालकी मिळत असेल तर पिढ्यान्‌पिढ्या कसणारं कूळ मालक का होत नाही? आपल्याकडे १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या प्रश्नाला कायद्याने दिलेलं उत्तर आहे. त्या तारखेला जमीन कसणारं कूळ कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. पण किंमत द्यावी लागली: साध्या कुळाला आकारणीच्या (जमिनीवरच्या महसुलाच्या) २० ते २०० पट, शेतजमीन न्यायाधिकरण ठरवील ती. कलम ३२ग खाली किंमत ठरायची, ती फेडली की ३२म चं प्रमाणपत्र. अशा उताऱ्यावर इतर अधिकारात ‘कलम ४३ ला पात्र’ असा शेरा दिसतो, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षं उलटलेली असतील तर आकारणीच्या ४० पट रक्कम भरून ही अट सुटते. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे मोठंच काम झालं. पण त्याला भोगवटा दिला गेला आणि हळूहळू विक्रीच्या हक्कासह पूर्ण मालकी. पुढच्या पिढीत तोच खंडाने द्यायला मोकळा. सुधारणा आणि प्रूदाँ यांची वाट इथे वेगळी होते, आणि हे फळ्यावर तारखांसह दाखवता येतं.

अंबड_टूलरूम

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

प्रूदाँचा कारखान्यावरचा आक्षेप ‘सामूहिक शक्ती’चा आहे. पॅरिसमध्ये लक्झरचा दगडी स्तंभ दोनशे सैनिकांनी काही तासांत उभा केला. एका माणसाने दोनशे दिवसांत तो उभा केला असता का? नाही. मालक दोनशे जणांना सुटी सुटी मजुरी देतो, एकत्र येण्यातून जी जादा शक्ती तयार झाली तिचे पैसे कोणालाच देत नाही, ती फुकट खिशात.

बागायतदारांना स्तंभाऐवजी गोडी छाटणी सांगा. ऑक्टोबरची छाटणी एका प्लॉटवर एक-दोन दिवसांत उरकावी लागते, लगोलग डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लागते, तेव्हा कुठे फूट एकसारखी निघते. वीस जणांचं दोन दिवसांचं काम एकट्याला चाळीस दिवस दिलं तर बागेचे चाळीस तुकडे चाळीस अवस्थांत असतील. जीएच्या डिपची (घड वाढीच्या संजीवकात बुडवण्याची) वेळ कोणत्या घडाची धरायची? फवारणी कधी? माल एकदम उतरवायचा कसा? वीस जणांचे हात एकाच वेळी लागले यालाच किंमत आहे, आणि टोळीचा हिशोब होतो तो एकराच्या उक्त्या दराने. प्रूदाँ एका मिनिटात कळतो.

मार्क्सचं म्हणणं वेगळं. त्याचा पहिला आक्षेप शब्दावरच: चोरी म्हणायला आधी मालकी मान्य असावी लागते, मग मालकीच चोरी कशी? १८४७ मध्ये त्याने प्रूदाँवर अख्खं पुस्तक लिहिलं, १८६५ मध्ये प्रूदाँ गेल्यावर लिहिलेल्या पत्रातही हा मुद्दा पुन्हा आला. दुसरा आक्षेप जास्त खोल. कोणी कोणाला फसवलं नाही, बाजारभावाने पूर्ण मजुरी दिली, तरीही शोषण होतं. कारण मालक श्रम विकत घेत नाही, श्रमशक्ती घेतो. तिची किंमत कामगाराच्या जगण्याच्या खर्चावर ठरते आणि ती वापरून निघणारं मूल्य त्याहून जास्त असतं.

हे आकड्यांनी करा. आकडे समजुतीसाठी, कोणत्या कारखान्याचे नाहीत. आठ तासांची पाळी. कच्चा माल आणि यंत्राची झीज ३,००० रुपये. कामगार त्यात नवं मूल्य घालतो २,००० चं. मजुरी ८००. म्हणजे ३ तास १२ मिनिटं तो स्वतःच्या मजुरीसाठी राबतो आणि ४ तास ४८ मिनिटं दुसऱ्यासाठी. मजुरी वजा जाता उरलं ते वरकड मूल्य, १,२००. वरकडाचा दर १,२०० भागिले ८००, म्हणजे १५० टक्के. नफ्याचा दर १,२०० भागिले ३,८००, म्हणजे सुमारे ३१.६ टक्के.

वर्गात दोन चुका हमखास होतात. कोणीतरी १,२०० ला २,००० ने भागतो आणि ६० टक्के सांगतो. तो वाटा झाला, दर नव्हे. दुसरी चूक, १,२०० सगळे मालकाच्या खिशात गेले असं समजणं. त्यातून बँकेचं व्याज जातं, जागेचं भाडं जातं, व्यापाऱ्याचं कमिशन जातं. लहान युनिटवाला ‘माझ्या हातात काय उरतं?’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. वरकड तयार कुठे होतं आणि कोणाकोणात वाटलं जातं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जाता जाता वहिवाटदारांच्या तक्त्यातल्या एमआयडीसी प्लॉटबद्दल. तिथले प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. जमीन महामंडळाची, शेड आणि यंत्रं कारखानदाराची. जमीन सरकारी असूनही आतली पाळी वर लिहिल्यासारखीच चालते. ‘सरकारची मालकी म्हणजे समाजवाद’ या समजुतीला मार्क्सचा सहकारी एंगल्सनेच उत्तर देऊन ठेवलंय: सरकारने तंबाखूचा धंदा ताब्यात घेणं हा समाजवाद असेल, तर नेपोलियन आणि ऑस्ट्रियाचा सनातनी मंत्री मेटरनिख यांनाही समाजवादाचे संस्थापक मानावं लागेल.

मोसमकाठ

सरकारी की खासगी या जोडीतून वर्ग बाहेर काढायचा असेल तर बागलाणची फड पद्धत घ्या. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर ती शेकडो वर्षं चालली.

रचना अशी. नदीवर बंधारा, तिथून कालवा, त्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, ते फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा पडीक, आणि दर वर्षी फेरपालट. खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर तोटा सगळ्यांना वाटून जातो. पाणी खातेदार स्वतः फोडत नाही, पाटकरी देतो. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, त्यांचा मोबदला पिकातून. हंगामाआधी कालवा साफ करायला खातेदारांनी आपापले माणूसबळ द्यायचं.

आता वहिवाटदारांच्या तक्त्यात हे भरून बघा. जमीन विकता येते, वारसाला जाते, पण ‘काय पेरायचं’ आणि ‘पाणी कधी घ्यायचं’ या दोन काटक्या मोळीतून काढून समूहाकडे दिलेल्या. १९६८ मध्ये अमेरिकी अभ्यासक गॅरेट हार्डिनने मांडलं की सामाईक साधन अखेर ओरबाडलंच जातं. एलिनॉर ऑस्ट्रॉमने याच प्रकारच्या सिंचनव्यवस्थांचा अभ्यास करून दाखवलं की कोण आत, कोण बाहेर, कोणी राखण करायची, नियम मोडला तर काय, हे लोकांनी स्वतः ठरवलेलं असेल तर साधन टिकतं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला याच कामासाठी मिळालं. हार्डिन ज्याचं वर्णन करत होता ते सामाईक नव्हतंच, ते बेवारशी होतं.

फड का मोडकळीस आले तेही सांगा, नाहीतर गोड चित्र उभं राहील. विहिरी आणि वीजपंप आले. जमिनीखालचं पाणी जमीनवाल्याचं, ही समजूत आपल्या कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. ज्याची स्वतःची विहीर झाली त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही, मग कालवा साफ करायला माणूस कशाला देईल? इंग्लंडमध्ये सामाईक राने कुंपण घालून खासगी झाली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने सुमारे ५,२०० विधेयकांनी ६८ लाख एकर असं बंदिस्त केलं. मार्क्सने भांडवलाचा इतिहास तिथून सांगितला. आपल्याकडे कुंपण दिसलं नाही, बोअर दिसला.

आजचं उदाहरण हवं असेल तर दिंडोरीच्या वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्था. पाणी संस्थेला मोजून मिळतं, आत वाटप संस्था करते. एक रविवार तिकडेच न्या सगळ्यांना.

दिंडोरीकर

मोसमकाठ भाऊ, फडाचं वर्णन चोख आहे, पण फडात आत कोण होतं? खातेदार. जमीन नसलेल्याला फडात फारतर राखणीचं काम. ‘गावाचं सामाईक’ म्हटलं की गावातले सगळे धरले जात नाहीत, आणि नाशकात बसून हा विषय करताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

प्रूदाँ आणि रशियन अराज्यवादी क्रोपोत्किन यांचा भरवसा लहान स्वयंशासित समूहांवर. बाबासाहेबांचा गावावर तो भरवसा नव्हता, कारण गाव जातीवर उभं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी गावाला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं ते उगाच नाही. १९४७ मध्ये त्यांनी लिहून दिलेली योजना नीट वाचा: शेतजमीन राज्याच्या मालकीची, ठराविक आकाराची शेतं पाडून गावकऱ्यांना कुळं म्हणून सामुदायिक कसायला द्यायची, जातीचा भेद न करता. जमीनदार नाही, खंडकरी नाही, भूमिहीन मजूर नाही. आणि हे सगळं संविधानातच लिहायचं, म्हणजे पुढच्या बहुमताला ते मोडता येऊ नये. पाश्चात्त्य राज्यसमाजवाद्यांपेक्षा हा मुद्दा वेगळा आहे. राज्याला मालक करतानाच राज्याचे हात बांधायचे.

वतनावरही पंधरा मिनिटं ठेवा. महार वतनात जमीन ‘मिळालेली’ होती, बदल्यात गावाची आणि सरकारची वेठ. वरच्या तक्त्यात ही जमीन टाकली तर कळेल की जमीन माणसाला बांधून ठेवण्याचंही साधन असू शकते. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं होतं.

आणि दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, काळाराम सत्याग्रहातले बिनीचे. त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मागणी होती पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. सामाईक जमिनीवर भूमिहीनाने नांगर घातला की कागदावर तो ‘अतिक्रमण’दार होतो. प्रूदाँच्या भाषेत तो भोगवटादार. हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहा आणि वर्गाला बोलू द्या.

अंबड_टूलरूम

दिंडोरीकरांचं बरोबर आहे. मी फक्त अराज्यवाद्यांचं उत्तर जोडतो, नाहीतर त्यांची बाजू अपुरी राहील. रशियन अराज्यवादी बाकुनिनचा इशारा हा की जमीन आणि कारखाने राज्याकडे गेले की अधिकारी हाच नवा मालक होतो. रशियात नोव्हेंबर १९१७ च्या हुकुमाने जमिनीवरची खासगी मालकी गेली, शेतकऱ्यांनी ती वाटून घेतली. १९२९ नंतर सक्तीने सामूहिकीकरण झालं आणि १९३२-३३ ला दुष्काळाने लाखो मेले. तिथे कसणाऱ्याला ना मालकी उरली, ना भोगवटा.

तिसऱ्या प्रश्नाला स्पेनचं उदाहरण द्या. १९३६ नंतर आरागॉनमधल्या अराज्यवादी सामूहिक शेतीत ज्यांना यायचं नव्हतं, त्यांना मजूर न लावता जेवढी कसता येईल तेवढी जमीन ठेवता येत असे. प्रत्यक्षात सगळीकडे दडपण नव्हतंच असं नाही, पण नियम असा होता. क्रोपोत्किनचंही म्हणणं तेच: स्वतः कसतो तेवढ्याच जमिनीवरून शेतकऱ्याला हुसकण्यात अर्थ नाही.

आता हा नियम तीन एकर द्राक्षाला लावा. लागतच नाही, कारण छाटणीला टोळी लागतेच. सावड किंवा इर्जिक हा जुना मार्ग आहे, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे. पण टोळी येते पेठ-सुरगाण्याहून, तिच्याकडे परत करायला द्राक्षबाग नाही. तीन एकरवाला एकाच वेळी बँकेचा आणि व्यापाऱ्याचा देणेकरी आहे आणि टोळीचा मालकही. बागायतदारांना एका रकान्यात कोंबू नका, दोन्हीकडे त्यांचं नाव लिहा. ते चिडणार नाहीत, हिशोब त्यांना माहीत असतो.

गंगाघाट_वाचक

खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. तक्त्यातला वनपट्टा जरा उलगडून सांगाल का? सुरगाण्याचे दोघं येणार आहेत.

वहिवाटदार

वनपट्टा चौथ्या रविवारी घ्या, कारण प्रूदाँच्या भोगवट्याच्या सगळ्यात जवळ जाणारा आपला कायदा तोच आहे. २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ ला प्रत्यक्ष कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, नवरा-बायकोच्या जोडनावावर. हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही. पट्ट्यावर तसं छापलेलंच असतं. शिवाय सामूहिक वनसंपत्तीचा हक्क वेगळा, म्हणजे जंगल राखायचं आणि त्याचं व्यवस्थापन करायचं ते गावाने. नमुना अ वैयक्तिक दाव्याचा, ब सामूहिक हक्कांचा, क सामूहिक वनसंपत्तीचा.

दावा ग्रामसभेत सुरू होतो. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश महिला. सभेला निम्मी गणपूर्ती आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. नंतर उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. बिघडतं ते असं: गणपूर्तीची नोंद इतिवृत्तात नसते आणि ठराव लटकतो, नाकारताना कारण लेखी दिलं जात नाही, उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळतात, खरं तर नियमांप्रमाणे तो पूरक पुरावा आहे, एकमेव नाही, किंवा कसतात दोन एकर आणि पट्टा येतो दहा गुंठ्यांचा. वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात, म्हणून नकाराची प्रत तारखेसह मिळवणं फार महत्त्वाचं. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचला, तेव्हा मुख्य मागण्यांत हीच होती.

वर्गात पहिला आक्षेप कर्जाचा येईल, आणि तो रास्त आहे. विकता येत नाही म्हणजे जप्तीही होत नाही, म्हणून तारण म्हणून कोणी धरत नाही. सावकाराला जमीन गिळता येत नाही आणि बँक पीककर्जाला मागेपुढे पाहते, ही एकाच काटकीची दोन टोकं. प्रूदाँला ही अडचण दिसली होती. जमिनीच्या तारणावर नव्हे तर उत्पादकांच्या परस्पर हमीवर, जवळजवळ बिनव्याजी कर्ज देणारी ‘जनतेची बँक’ त्याने जानेवारी १८४९ मध्ये नोंदवली. राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लिहिल्याबद्दल मार्चमध्ये त्याला शिक्षा झाली आणि बँक सुरू होण्याआधीच गुंडाळली गेली.

सुरगाण्याच्या दोघांना पट्ट्याची प्रत आणि बागायतदारांपैकी एकाला विकास सोसायटीचं पासबुक आणायला सांगा. तारण काय लिहिलंय ते दोन्ही कागदांवर शेजारी शेजारी वाचा.